म्हसोबाचे डोळे

लग्न होऊन मी कोऱ्हाळे बुद्रुकहून अंथुर्ण्याच्या बाजूला आले आणि वर्षाच्या आत भावकीत माझं नाव पडलं: दगडं बघत हिंडणारी सून. नावं पाडण्यात आमची भावकी पटाईत, पण यात खोटं काही नव्हतं. वालचंदनगरच्या एका शाळेत मी इतिहास शिकवायचे. मुलांकडून लांबलांबच्या लढाया आणि तह घोकून घेऊन मलाच कंटाळा आला होता. पुस्तकातला इतिहास नेहमी दुसऱ्याच कुणाच्या तरी गावात घडायचा. आमच्या बारामती-इंदापूर या दोन तालुक्यांत जणू ऊस आणि डाळिंब सोडून कधी काही झालंच नव्हतं. म्हणून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला घरात मोपेड आली, तशी मी रविवारी जुनी देवळं, गढ्या, पडके बुरूज बघायला बाहेर पडू लागले.

सुनेनं एकटीनं हिंडायचं म्हणजे लोकांना फुकटचा विषय. त्यावर तोड काढली आत्याबाईंनी. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, तेव्हापासून त्या माहेरीच. साठी कधीच ओलांडलेली, अंगानं काटक, आणि जिभेला हाड नाही. "म्या बसती हिच्या मागं," त्यांनी जाहीर केलं, "मग कोण काय बोलतंय बगू." माझ्या अब्रूची काळजी वगैरे ठीक, पण खरी गोष्ट अशी होती की त्यांना मोपेडवर बसायची भारी हौस होती. काष्ट्याचं लुगडं असल्यामुळे त्या दोन्हीकडे पाय टाकून ऐटीत बसायच्या, मांडीवर भाकरीचं गठुडं, आणि चढ आला की मागून माझ्या पाठीवर थाप. "जरा हाण की! बैल बरा हिच्यापरीस."

आत्याबाई सोबत नसत्या तर मला यातला निम्मा इतिहाससुद्धा सापडला नसता. मी कुठल्या गावात जाऊन "इथं जुनं काही आहे का हो?" असं विचारलं की लोकांना वाटायचं, ही सरकारी बाई, जमीन मोजायला आलेली. मग जुनं तर सोडाच, गावात नवंसुद्धा काही नाही असं सांगायचे. आत्याबाईंची रीत वेगळी. त्या पारावर टेकायच्या, पाणी मागायच्या, आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवेपर्यंत समोरच्या बाईशी नातं काढून मोकळ्या व्हायच्या. तिच्या मावसजावेची नणंद आमच्या वाडीवर दिलेली निघायचीच. मग चहा यायचा, आणि चहाच्या मागून इतिहास.

एका गावात असाच चहा पिताना मला परसात कपडे धुवायचा दगड दिसला. उलटा करून बघितला तर खालच्या अंगाला नक्षी, वेलबुट्टी, मधोमध कीर्तिमुख, देवळावर कोरतात तो राक्षसी चेहरा. घरची सासूबाई म्हणाली, "आमी आपली वरची बाजू वापरतू. खालनं टोचतंय." मी त्या कीर्तिमुखाकडे बघून हळहळत होते आणि आत्याबाई सासूबाईला विचारत होत्या, साबण कुठला वापरता. इंदापूरच्या गढीवर गेलो तर तिथं शेळ्यांचं राज्य. बारामतीत कऱ्हेकाठच्या देवळात मी खांबांवरची शिल्पं न्याहाळत बसले, तेवढ्यात त्यांनी पुजाऱ्याला पटवून आम्हा दोघींसाठी प्रसादाचं जेवण ठरवून टाकलं होतं. "दगडं काय पळून जात्यात व्हय? आदी जेव," हे त्यांचं संशोधनाचं पहिलं सूत्र.

मग एका उन्हाळ्यात आम्ही पळसदेवला गेलो. उजनीचं पाणी ओसरलं की तिथलं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं. धरण भरलं की बुडतं, उन्हाळा तापला की पुन्हा वर. भेगाळलेल्या चिखलावरून चालत आम्ही देवळाशी पोचलो. आवारात वीरगळ उभे होते, म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीचे दगड. मला तर गुप्तधन सापडल्यासारखं झालं. मी शिक्षिकेचा आवाज लावून आत्याबाईंना समजावून सांगू लागले. वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली मेलेला वीर, बहुतेक वेळा गुरं वाचवताना मेलेला, म्हणून शेजारी गाई. त्याच्या वर त्याची लढाई. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेतात, मग तो महादेवाची पूजा करत बसतो. अगदी माथ्यावर सूर्य आणि चंद्र, म्हणजे ते आहेत तोवर याची आठवण राहील.

माझं भाषण संपलं तरी मागून टोमणा नाही. वळून बघितलं तर आत्याबाई चांगल्या दहा हात लांब उभ्या, दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळलेले.

"या की जवळ," मी म्हटलं.

"नगं. असल्या दगडाला म्या हात लावत न्हाय."

भाकरी खाताना त्यांनी सांगितलं, आणि मोपेडवरची ती हसरी म्हातारी जरा वेळ कुठं गेली कळलं नाही.

आमच्या वाडीच्या कडेला बाभळीखाली म्हसोबा आहे. कमरेएवढा उभा दगड, शेंदरानं इतका माखलेला की फुगलेल्या पोत्यासारखा दिसतो, त्यावर पितळेचे मोठे डोळे आणि पितळेच्याच झुपकेदार मिशा. आमच्या घराण्याकडे पूर्वी मेंढरं होती आणि म्हसोबा त्या मेंढरांचा राखणदार. पण त्याला बायकांचं वावडं. बायकांनी बाभळीच्या अलीकडूनच हात जोडायचे, पलीकडे पाऊल टाकायचं नाही. मला लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी हे बजावण्यात आलं होतं. आत्याबाई परकरात होत्या तेव्हा एक कोकरू पळत म्हसोबाच्या मागं गेलं, आणि त्या त्याच्या मागं. कोकरू धरताना तोल गेला म्हणून त्यांनी दगडाला हात टेकवला. धाकट्या भावानं, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते बघितलं आणि घरी जाऊन सांगितलं. त्याच साली रोग आला आणि कळपच्या कळप आडवा झाला. घरानं मेंढरं सोडली, काठी टाकून नांगर धरला. आणि त्या पोरीला नाव मिळालं: पांढऱ्या पायाची. पुढं नवरा वारला तेव्हा कुणाला वेगळं कारण शोधावंच लागलं नाही. घरातल्या सगळ्या देवांचा नैवेद्य त्यांच्या हातचा चाले, एका म्हसोबाचा सोडून. त्याच्या जत्रेला त्या मागच्या खोलीत दार लोटून बसत. मी समजत होते, गर्दीचा कंटाळा.

मला असा संताप आला की हातातली भाकरी मी खाली ठेवली. मी तावातावानं सांगितलं की असं काही नसतं, मेंढरं रोगानं जातात, हातानं नाही.

आत्याबाईंनी माझ्याकडं शांतपणे बघितलं. "तू तवा हुतीस का तितं?"

पुरावा कुठाय असं मीच मुलांना विचारायचे.

"मला बाकी काय नगं," त्या गठुडं बांधत म्हणाल्या. "मरायच्या आत येवढं कळाया पायजे, ती मेंढरं माज्या हातानं गेली का न्हाय. येकदा त्येलाच इचारनार हाय. पर त्येच्या म्होरं जायाचं कसं?"

परत येताना त्यांनी मला एकदाही हाण म्हटलं नाही.

म्हसोबानं उत्तर द्यायला दोनेक वर्षं घेतली. शिमगा होऊन ऊन तापलं होतं. एका सकाळी वाडीत आरडाओरडा झाला, म्हसोबाची खोळ पडली! शेंदरावर शेंदूर चढत गेला की त्याचं जाड कवच बनतं, आणि कधीतरी, पिढी दोन पिढ्यांनी, ते आपलं आपण सुटून पडतं. देवानं कात टाकली म्हणायचं. रीत अशी की पडलेली खोळ नव्या कापडात बांधून वाजतगाजत नीरेत सोडायची आणि लगेच देवाला तेलात कालवलेला ताजा शेंदूर लावायचा. उघडा देव फार वेळ ठेवायचा नाही. आमच्या म्हसोबाची खोळ याआधी पडली तेव्हाचं कुणीच हयात नव्हतं.

पुरुष मंडळी खोळ नीरेत सोडून परतली, शेंदूर कालवून तयार झाला, आणि काम अडलं. सासऱ्यांकडे, म्हणजे तात्यांकडे, पूजेचा मान. ते शेंदराचा वाडगा घेऊन दगडासमोर उभे, बाजूला भावकीतले थोरले आबा हातात पितळी डोळे घेऊन. दोघांची जुंपलेली. खोळीवर डोळे अगदी माथ्याला होते, तर आबांचं म्हणणं, होते तिथंच लावा. तात्या म्हणत, आता खरा दगड दिसतोय, त्यावर माणसं कोरलेली आहेत, देवाचं खरं तोंड सोडून डोळे भलतीकडं कसे लावायचे? पण खरं तोंड कुठलं? दगडावर एक सोडून चांगले तीन-चार म्हसोबा दिसत होते.

आणि तेव्हा म्हणे तात्यांनीच म्हटलं, "सूनबाईला बलवा. तिला दगडातलं कळतंय."

मी दुपारच्या शाळेला निघाले होते ती चप्पल फेकून पळाले. बाभळीपर्यंत पोचले आणि आबा ओरडले, "हां, तितंच! म्होरं यायाचं न्हाय."

"मग मी बघणार कसं, आबा?"

आबांनी क्षणभर विचार केला. "आमी बगतू. तुमी नुसतं सांगा."

अशी माझ्या आयुष्यातली सगळ्यात चमत्कारिक तपासणी सुरू झाली. मी बाभळीखाली, माझ्या मागं वाडीतल्या झाडून सगळ्या बायका, आत्याबाई त्यात सगळ्यात मागं. पलीकडे पुरुषांचा घोळका दगडाभोवती वाकलेला. मी इथून ओरडून विचारायची, त्यांनी तिथून ओरडून सांगायचं. परीक्षा कुणाची चालली होती देव जाणे.

"अगदी वर काय आहे, तात्या?"

"दोन टेंगळं हायत. येक गोल, येक कोरीसारकं."

सूर्य आणि चंद्र! म्हणजे आजवर एक डोळा सूर्यावर होता आणि एक चंद्रावर. मी आणखी मोठ्यानं विचारलं, "आणि अगदी खाली?"

"खाली येक मानूस आडवं पडलंय. आन शेजारी..." तात्या खाली बसले. "मेंढरं हायत गं! शिंगं वळल्याली. बारकं कोकरूबी हाय."

बायकांत कुजबूज झाली. मी वीरगळ म्हणजे काय ते जमेल तेवढ्या मोठ्यानं सांगितलं. हा म्हसोबा नव्हे, मेंढरं वाचवताना पडलेल्या कुणाचा तरी दगड आहे. आबांना ते मुळीच आवडलं नाही, पण मेंढरं दिसत होती, त्यामुळे त्यांना बोलता येईना.

"बरं, मधे लढणारा माणूस असेल. त्याला डोळे लावा. दिसतो का?"

"दिसतूय की," आबा म्हणाले. "हातात काटी हाय. उगारल्याली. म्होरं दोन गडी घोड्यावर."

"अंगावर काय आहे?"

"कासोटा मारलाय."

"डोक्याला?"

"मुंडासं. पर बांदलंय उलटं. गाठ मागं, मानंवर."

मानेवर गाठ येणारं मुंडासं मी कुठं पाहिलं नव्हतं. "आबा, हातात काठीशिवाय काय आहे?"

"कडी हायत."

"एक की जास्त?"

आबांनी अंगठ्यानं उरलेला शेंदूर खरवडला. "लई हायत. पार कोपरापत्तूर. शौकीन दिसतूय गडी."

माझ्या शेजारच्या काष्ट्याच्या लुगड्यातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कासोटा तर त्यांनीही मारला होता, आणि मानेवर अंबाड्याची गाठही होती. मला हसू आवरेना आणि विचारायचं ते मोठ्या माणसांना विचारवेना. शेवटी म्हणाले, "तात्या, जरा नीट बघा. मूर्तीची छाती..."

माणसं वाकली, जवळून बघू लागली, मग एकेक जण सरळ होऊन दुसरीकडेच बघायला लागला. आबांनी घसा खाकरला. शेवटी तात्या बाभळीकडे वळले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो, भर बाजारात धोतर सुटल्यासारखा.

"सूनबाई," ते म्हणाले, "ही बाईमानूस हाय."

पहिल्यांदा कोण हसलं ते माहीत नाही, पण मग सगळ्याच बायका हसल्या, पदर तोंडात कोंबून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. पिढ्यान्‌पिढ्या बायकांचं वावडं असलेला आमचा देव! कोण होती, कुठली, कधीची, मला आजही सांगता येणार नाही. दगडावर अक्षर एक नव्हतं. घोड्यावरून मेंढरं न्यायला आलेल्यांना एकटी आडवी गेली आणि पडली, एवढंच दगड सांगत होता. तिला सूर्यचंद्राचे डोळे आणि वर झुपकेदार मिशा बसवून आम्ही तिच्यापासून बायकांना राखत होतो.

हसणं ओसरलं नव्हतं तोच माझ्या खांद्याला कुणीतरी घासून पुढं गेलं. आत्याबाई. बाभूळ ओलांडून सरळ निघाल्या. "आक्का, आगं म्होरं नगं," आबा म्हणाले, पण त्यांच्या आवाजात दम राहिला नव्हता. आत्याबाई दगडापुढं उकिडव्या बसल्या. आधी नुसतं बघितलं. मग हात पुढं केला, मागं घेतला, आणि मग कोकरावर टेकवला.

"बया," त्या दगडाला म्हणाल्या, "सांगायचं की गं मग! येवडी वर्सं मिशा लावून बसलीस."

बायका पुन्हा हसल्या. मी हसले नाही. मला पळसदेवचा चिखल आठवला आणि त्यांना काय विचारायचं होतं ते आठवलं. बाभूळ ओलांडून मी त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले, मला कुणीच अडवलं नाही. पण आत्याबाईंनी दगडाला काही विचारलं नाही. बसल्या जागेवरून मान वर करून त्यांनी भावाकडे बघितलं.

"तू हुतास तवा. खरं सांग. मेंढरं माज्या हातानं गेली का?"

तात्या वाडग्यातला शेंदूर बोटानं ढवळत राहिले. "न्हाय आक्का. रोग हुता. शेजारच्या वाडीवरलीबी गेली. नदीपल्याडलीबी गेली." मग खाली बघत, "आबानं, आपल्या बानं, समद्यांनी तवाच वळकलं हुतं."

आबा दुसरीकडं बघत होते.

"तवाच?" आत्याबाईंनी विचारलं.

तात्यांचं बोट पुन्हा शेंदरात फिरू लागलं. माझे सासरे वाईट माणूस नव्हते. बहिणीला त्यांनी कधी काही कमी पडू दिलं नाही, आजारपणात उशाशी बसले. फक्त हे एक वाक्य तेवढं त्यांनी सबंध जन्मात तिला सांगितलं नव्हतं. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, आणि तो माझा पुढेही पूर्ण गेला असं नाही.

आत्याबाई रडतील असं मला वाटलं होतं. त्या उठल्या, लुगडं झटकलं, आणि भावाच्या हातातून वाडगा काढून घेतला.

"सर बाजूला."

तात्या सरले. पूजेचा मान कुणाचा हे कुणीही विचारलं नाही. आत्याबाईंनी बोटं बुडवून माथ्यापासून शेंदूर लावत आणला, सूर्यावर, चंद्रावर, अप्सरांवर, घोडेस्वारांवर जरा जास्तच. लढणाऱ्या बाईच्या तोंडाशी आल्यावर आबांपुढं हात केला. आबांनी मुकाट्यानं डोळे दिले. ते पितळी डोळे तिच्या अख्ख्या चेहऱ्याहून मोठे होते, पण आत्याबाईंनी मेण लावून ते दाबून बसवलेच. आबांनी दुसरी मूठ उघडली, त्यात मिशा होत्या.

"त्या तुमास्नीच ऱ्हाऊ देत," आत्याबाई म्हणाल्या.

खालच्या पट्टीशी त्या थांबल्या. तात्यांनी हळूच सुचवलं, "खाली ऱ्हायलं, आक्का."

"हितं न्हाय लावायचं," त्या म्हणाल्या. "मेंढरं दिसू देत समद्यास्नी."

अजूनही कुणी तिथं शेंदूर लावत नाही.